खिडकीचे दोनशे

आमच्या लॉजात हौसेनं कुणी उतरत नाही.
कोर्टाची तारीख, सिव्हिलमधलं पेशंट,
नाहीतर समोरचा किल्ला, म्हणजे जेल.
रजिस्टरात 'येण्याचं कारण' असा रकाना आहे,
त्यात सगळे 'काम' एवढंच लिहितात
आणि मागची खोली मागतात,
भिंत न दिसणारी.

वनशीबाई घाटाळ, राहणार जव्हार.
सोबत कुणी नाही, सामान एक पिशवी.
पंखा लावून बघितला,
नळ सोडून पाण्याचा वास घेतला,
गादीचा कोपरा उचलला,
उशीचा अभ्रा उलटा करून शिवण पाहिली.
म्हटलं, मावशी, खोलीशी सोयरीक जमवताय का?
हसली नाही.
म्हणाली, सोळा वर्षं हेच केलंय.

तिकडे राजवाड्याच्या रस्त्याला
कुणा प्रधानांच्या घरी पाहुण्यांच्या चार खोल्या,
झाडण्यापासून चादरींपर्यंत हिच्याकडे.
शनिवारी लोक येत,
गाडीतून एक पाय खाली टाकून विचारत,
राजवाडा दिसतो का खिडकीतून?
दिसला की दोनशे जास्त.
दिसतो म्हणजे काय,
काजूच्या झाडांवरून घुमटाचा शेंडा,
धुकं असलं तर तोही नाही.
तरी देत. एकदा खिडकी उघडून बघत
आणि मग दिवसभर मोबाईल.
राजा आहे का आत, असं पोरं विचारायची.
असतो कधीकधी, असं सांगायचं.
मालकांची शिकवण.

मी तिसऱ्या मजल्यावरची पुढची खोली उघडली.
भिंत, भिंतीवरची तार, मनोऱ्यातला पहारेकरी
पाठ खाजवत उभा.
इथून सगळा दिसतो, म्हटलं,
आणि आम्ही दोनशे घेत नाही.
बोललो आणि जीभ चावली.
ती खिडकीकडे गेलीसुद्धा नाही.

इथून काय दिसतं ते नको, दादा.
तिथून काय दिसतं ते सांगा.

धाकटा आत आहे. आठ महिने.
कशापायी ते मी विचारत नाही, कुणालाच.
मागच्या मुलाखतीत तो बोलला होता,
बराकीच्या जाळीतून आभाळाचा एक तुकडा
आणि त्यात कुठल्याशा इमारतीची टाकी, काळी,
झाकणाच्या जागी निळी ताडपत्री.
बाकी काही नाही आई.
कावळे बसतात.

सकाळपासून ती मान वर करून फिरत होती,
खारकर आळी, कोर्ट नाका, परत खारकर आळी.
चार लॉज बघून झाले.
खोल्या बऱ्या होत्या म्हणाली,
एकाच्या तर टाइल्स नव्या,
पण सगळ्यांच्या टाक्यांना झाकणं.

आमचं झाकण दोन पावसाळ्यांपूर्वी उडालं.
ताडपत्री मीच बांधली, सुतळीनं,
आणि दर महिन्याला मालकाला आठवण करतो.

गच्ची गिऱ्हाइकांसाठी नाही.
तशी पाटी आहे, माझ्याच अक्षरात.
किल्ली ड्रॉवरमध्ये असते.

ती वर गेली, मी जिन्यातच थांबलो.
पिशवीतून लुगडं काढलं,
कुंकवी, हिरव्या काठाचं.
एक टोक टाकीच्या पाइपाला,
दुसरं डिशच्या खांबाला, टाचा उंचावून.
वारा नव्हताच फारसा.
हातानं हलवत राहिली बराच वेळ,
वाळत घातलेलं कुणी हलवतं का?
मावशी, कोरडंच आहे की ते.
असू दे, म्हणाली.

खाली आल्यावर भाडं मोजून दिलं,
वर दोनशेची नोट वेगळी ठेवली.
ही कशाची?
खिडकीची.

मी घेतली. का घेतली ते विचारू नका.
पावतीवर तिला जागा नव्हती,
किल्लीशेजारी ठेवली आहे.
तारीख लांबलीय, ती अजून तिसऱ्या मजल्यावरच आहे,
मागच्या खोलीत. तिथे पाणी जास्त वेळ येतं.

झाकणाची आठवण
या महिन्यात मी मालकाला केलेली नाही.